धुक्यातली लग्नसराई

आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि समोरची इमारत नव्हती. खालचं पार्क नव्हतं, त्यातले बाक नव्हते, बाकांवर मफलर गुंडाळून बसणारे आजोबा नव्हते. होतं ते नुसतं पांढरं. दूधवाल्याच्या मोटरसायकलवरचे कॅन आधी वाजले आणि बऱ्याच वेळानं तिचा पिवळा दिवा धुक्यातून पाझरत आला. मी शाल घट्ट केली, गार कठड्यावर हात टेकला आणि दर वर्षीसारखंच स्वतःशी म्हटलं. आली. पुन्हा आली धुक्याची लग्नसराई.

चहा उकळायच्या आत फोन वाजला. परवा जिच्या मुलीचं लग्न आहे ती बाई पलीकडे होती. "मैडम, परसों भी ऐसा ही रहेगा क्या?" आवाज रडवेला.

मी काही वेधशाळेत कामाला नाही. मी लग्नांचे फोटो काढते. पण चंडीगड, पंचकुला आणि मोहाली या एकमेकींना चिकटलेल्या तीन शहरांतल्या वधूमातांना हा फरक मान्य नाही. लॉनवाले, तंबूवाले, आचारी, बँडवाले, हवामानाशी गाठ सगळ्यांचीच असते. पण आकाशाबद्दल विचारायचं ते फोटोवालीला. आणि खरं सांगू? मला ते आवडतं. मी खिडकीबाहेर पाहते, हवेचा वास घेते आणि सांगते, "फिकर मत करो जी. धूप निकले तो अच्छा, ना निकले तो और भी अच्छा." हे दुसरं वाक्य मी उगीच धीर द्यायला म्हणत नाही. ते मी कमावलेलं आहे. कुठं कमावलं, ते आठवत आज सकाळभर बसून आहे.

मी मूळची तासगावची. आमच्याकडची लग्नसराई म्हणजे ऊन. मांडवाच्या कापडातून गळणारं, वरमाईच्या कपाळावरचं कुंकू ओघळवणारं, पंगतीत मठ्ठ्याची वाटी तीनदा मागायला लावणारं. तिथं फोटोग्राफरला आकाशाची चौकशी करावी लागत नाही, ऊन असणारच. आकाशाकडे बघायची सवय मला लागली ती लग्नांमुळे नव्हे, बापूंमुळे. आमची द्राक्षबाग होती आणि माल गोडीला आला की बापू दिवसातून दहादा मान वर करायचे. ढग कुठल्या अंगाला, वारं कुठून, हवेत ओल किती. "आभाळ बोलतंय बघ," म्हणायचे, "आपल्याला ऐकू येत नाही एवढंच." लहानपणी मला ते ऐकू यायचं नाही. ते ऐकू यायला मला इतक्या दूर उत्तरेत यावं लागलं.

आमचे हे हवाई दलात. माल वाहून नेणाऱ्या मोठ्या विमानांचे तंत्रज्ञ. बदली होऊन आम्ही चंडीगडला आलो, शहराला आणि शहराच्या सरळ रेषांना सरावलो, तोवर ह्यांची पुन्हा बदली झाली, थेट आसामला. मुलगी सायली दहावीला होती. तिचं वर्ष मोडायला नको म्हणून आम्ही दोघी इथंच राहिलो, चंडीगडच्याच मनीमाजरा या जुन्या भागात, बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर ग्राहक सुटांच्या कापडाची घासाघीस करायचे, वर सायली गणितं सोडवायची. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची.

"जेवलीस का?"

"खा लिया ना, मम्मा. आप जाओ, लेट हो जाओगे."

मी जायची ती कुलवंत पाजींच्या स्टुडिओत. पाजी म्हणजे थोरला भाऊ. सगळा मनीमाजरा त्यांना पाजीच म्हणायचा. पांढरी दाढी, फिरोजी पगडी आणि फोटो काढताना श्वास रोखून धरल्यामुळे लाल झालेलं नाक. हवाई दलाच्या वसाहतीत हळदीकुंकू, मुलांची स्नेहसंमेलनं असल्या कार्यक्रमांचे फोटो मी हौसेनं काढायची. त्यातले काही छापायला त्यांच्याकडे दिले होते. त्यांनी ते काउंटरवर ओळीनं मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ये किसने खींचे?" मी म्हटलं, "मैंने." त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, मंगळसूत्र, हातात भाजीची पिशवी. "भाभीजी," ते म्हणाले, "दुल्हन के कमरे के लिए मुझे एक लेडी चाहिए. आओगे?"

तर माझं पहिलं राज्य म्हणजे नवरीची खोली. बाहेरची वरात, ढोल, घोडी हे सगळं पाजी आणि त्यांची पोरं बघणार, आत मी. केसांवर मारायच्या फवाऱ्याचा वास, इस्त्रीखालच्या ओढणीची वाफ, कोपऱ्यात तांबडी तार तापवत बसलेला हीटर, त्याच्यासमोर पाय पसरलेल्या आत्या आणि मावश्या. लाल-पांढरा चुडा मनगटापासून कोपरापर्यंत चढवताना नवरी दातांत ओठ धरते, तेव्हा ती कुणाचीच नवरी नसते. नुसती एक मुलगी असते. ती घटका मला सापडायची. कुणी "स्माइल" म्हणायच्या आधीची.

आणि त्या हिवाळ्यात हवेनं आमची परीक्षा घ्यायचं ठरवलं. इथल्या बातम्यांत एक शब्द सारखा ऐकू येतो: पश्चिमी विक्षोभ. कुठल्या तरी दूरच्या समुद्रावरून ओल घेऊन वारं निघतं, डोंगरावर बर्फ टाकतं आणि उरलंसुरलं आमच्या अंगावर फेकतं. त्या वर्षी एक विक्षोभ गेला की दुसरा दारात उभा. धुकं, मग ऊन, मग पाऊस, पुन्हा धुकं. एकाच लग्नात मी मेंदीच्या दिवशी स्वेटर काढून ठेवला आणि हळदीच्या दिवशी दोन चढवले.

पंचकुल्यातल्या एका लॉनवर भर दुपारी गारा पडल्या, ती गंमत अजून डोळ्यांसमोर आहे. आधी हवा एकाएकी थांबली. मला बापू आठवले. मी पाजींना म्हटलं, "सबको अंदर लो." ते म्हणाले, "अभी तो धूप है, भाभीजी." तेवढ्यात पहिली गार जिलेबीच्या कढईत पडली आणि तेल फुत्कारलं. मग जे झालं ते झालं. तंबूचं कापड पाण्यानं फुगून म्हशीच्या पोटासारखं लोंबलं, वरपक्षाचे काका ताटं डोक्यावर धरून पळाले, आचाऱ्यानं मात्र छत्री उघडून कढईवर धरली. स्वतः भिजला, पण जिलेबी वाचवली. हिरवळ पांढरी झाली. नवरीची आई दारात उभी राहून रडणार एवढ्यात नवरीच्या आजीनं एक गार उचलून तोंडात टाकली आणि म्हणाली, "शगुन है." सगळी हसली. तो हशा माझ्याकडे आहे. म्हणजे फोटोत आहे.

पाऊस, गारा, ऊन यांच्याशी जुळवून घेता येतं. धुक्याची मात्र सगळ्यांना धास्ती. धुक्यात फ्लॅश मारला की हवेतला थेंबन् थेंब चमकतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते; माणसं त्या भिंतीपलीकडे भुतांसारखी. बाहेरच्या थंडीतून उबदार हॉलमध्ये आलं की कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरते आणि ती पुसावी तितकी पुन्हा धरते. पाजींची पोरं वैतागायची. मीही वैतागायची. पण एकदा सुखना तलावाकाठी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढताना असंच काहीच दिसेना; तलाव नाही, डोंगर नाही, काठावरची गर्दी नाही. मी फ्लॅश बंद केला आणि नुसती पाहत राहिले. ती दोघं हातांवर फुंकर घालत एकमेकांकडे बघत होती. त्यांच्यामागे एरवी असतात ते जाहिरातींचे फलक, विजेच्या तारा, पार्क केलेल्या गाड्या, कणीसवाल्याची निळी ताडपत्री, सगळं धुक्यानं काढून घेतलं होतं. जे नको ते गेलं होतं. माणसं तेवढी राहिली होती.

त्या दिवशी माझं धुक्याशी सूत जुळलं. आणि बरंच झालं, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांनी हरलीनचं लग्न आलं.

हरलीनचं घर आमच्याच मनीमाजऱ्यात, दोन गल्ल्या सोडून. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आख्खी गल्ली त्यांना सुभेदारसाहेबच म्हणायची. हरलीन थोरली. तिच्या पाठचा भाऊ गुरतेज, तोही सैन्यात, लडाखमध्ये वर कुठंतरी बर्फात. आणि सगळ्यांत धाकटी मनप्रीत, कॉलेजात शिकणारी, उंच, शिडशिडीत, बोलण्यात तिखट. पाजी त्या दिवशी मोहालीतल्या एका बड्या लग्नात अडकले होते. ते मला म्हणाले, "भाभीजी, सुभेदारसाहब वाली आप अकेली कर लो. छोटी शादी है."

लग्नाच्या आदल्या दिवशी घरी गेले तर घरात लग्नाचा आवाजच नव्हता. ढोलकी होती, पण भिंतीला टेकून ठेवलेली. लाडवांच्या वासात सगळे फोनभोवती बसले होते. गुरतेजला सुट्टी मिळाली होती. तो वरच्या ठाण्यावरून लेहपर्यंत उतरूनही आला होता. तिथून सैन्याचं विमान त्याला चंडीगडला आणणार होतं. पण विमान निघत नव्हतं, कारण चंडीगडला धुकं. रस्ते बर्फानं केव्हाचेच बंद. तिकडे तो विमानतळाच्या शेडमध्ये बॅग उशाशी घेऊन बसला होता आणि इकडे त्याची बहीण मेंदीचे हात वर धरून.

सुभेदारसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. ताठ माणूस. पण हातातली काठी उगीचच एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. "बेटी, तुम्हारे साहब एयरफोर्स में हैं ना? जरा पूछो. कल सुबह जहाज उतरेगा?"

मी जिन्यात जाऊन आसामला फोन लावला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिकडे किती दिसतंय?" विचारलं. मी सांगितलं, गल्लीच्या तोंडाचं पिंपळाचं झाड दिसत नाही. हे म्हणाले, "मग नाही उतरवणार. आणि उतरवूही नये. सकाळी तर धुकं आणखी दाटतं. तू त्यांना खोटी आशा दाखवू नकोस. फौजी माणूस आहे, खरं सांग."

त्या जिन्यातून वर जाताना पायऱ्या संपू नयेत असं वाटत होतं. दुसऱ्याच्या घरातली बातमी माझ्या तोंडून जाणार होती. सुभेदारसाहेब दारातच उभे होते. मी म्हटलं, "अंकलजी, कल सुबह नहीं उतरेगा."

त्यांनी मान हलवली. एकदाच. "अच्छा किया जो बता दिया," म्हणाले. आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोई इंतजार नहीं करेगा. बारात टाइम पे आएगी, आनंद कारज टाइम पे होगा. गुरतेज ड्यूटी पे है." आनंद कारज म्हणजे शिखांचं लग्न, ते दुपारच्या आत लागायचं असतं. हरलीननं मेंदीचे हात तसेच वर धरून खांद्यानं डोळे पुसले. मी फोटो काढला नाही. काही क्षण न काढण्याचे असतात, हेही मी तिथंच शिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात दिसायच्या आधी ऐकू आली. धुक्यातून ढोल, मग घोडीच्या टापा, मग पगड्यांचे गुलाबी ठिपके. दोन्हीकडचे मामा-काका मिलनीसाठी समोरासमोर आले; झेंडूचे हार घालून एकमेकांना उचलून धरायची त्यांची पद्धत. मी फ्लॅश बंद ठेवला आणि अगदी जवळ गेले. श्वासांची वाफ, पगड्यांवर जमलेलं दव, हारांमधून ठिबकणारं पाणी, आणि मागे काही नाही. नुसतं पांढरं. आयुष्यात इतके स्वच्छ फोटो मी काढले नव्हते.

गुरुद्वाऱ्यात एक कॅमेरा मी पहाटेच नेऊन ठेवला होता, म्हणजे त्याच्या भिंगावर वाफ धरायला नको. जोडे बाहेर काढले, डोक्यावर पदर घेतला. संगमरवर असा गार की तळव्यांना चटका बसावा. आत गालिच्यांवर पांढऱ्या चादरी, उदबत्तीचा आणि आतून येणाऱ्या प्रसादाच्या शिऱ्याचा वास. ग्रंथसाहेबांच्या आणि माणसांच्या मधून जायचं नाही, ग्रंथसाहेबांकडे पाठ करायची नाही. म्हणून मी बाजूच्या भिंतीशी, खिडकीखाली, गुडघ्यांवर बसले. धुक्यातून गाळून आलेला उजेड त्या खिडकीतून आत येत होता. दुधासारखा. त्यात कुणाच्याही चेहऱ्यावर सावली नव्हती.

आनंद कारजात नवरा-नवरी ग्रंथसाहेबांभोवती चार फेरे घेतात. नवरा पुढे, त्याच्या खांद्यावरच्या शेल्याचं टोक धरून नवरी मागे. आणि नवरीचे भाऊ फेऱ्याच्या वाटेवर उभे राहतात. ती आली की तिच्या पाठीला हात देऊन तिला पुढच्या भावाकडे सोपवतात. जड घागरा, खाली घातलेली मान. तिला वाट दिसत नसते. भावांचे हात हीच वाट. मला ही चाल फार आवडते. आपल्याकडे भाऊ कान पिळायला आणि लाह्या घालायला असतो, इथं तो बहिणीला सोडायला असतो, पण हातातून हातात.

चुलत-मामेभाऊ उठून आपापल्या जागी गेले. सगळ्यांत पहिली जागा सख्ख्या भावाची. ती रिकामी होती. कुणीतरी दूरच्या एका भावाला खुणावू लागलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मनप्रीत उठली, ओढणी डोक्यावर नीट घेतली, आणि जाऊन त्या जागेवर उभी राहिली.

कुजबुज झाली. एक वयस्कर मामा अर्धवट उठून म्हणाले, "कुड़ी? वीर दी थां?" मुलगी? भावाच्या जागेवर?

मनप्रीतनं वडिलांकडे पाहिलं. मीही पाहिलं, कॅमेऱ्यातून. सुभेदारसाहेबांचा चेहरा हलला नाही. "मेरे घर में जगह खाली नहीं रहती," ते हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खड़ी रह, पुत्तर." ग्रंथसाहेबांपाशी बसलेल्या भाईजींनी वर पाहिलं, किंचित हसले आणि पहिल्या फेऱ्याचं वाचन सुरू केलं. मामा खाली बसले.

कीर्तन सुरू झालं. हरलीन पहिल्या फेऱ्याला निघाली. मनप्रीतपाशी आली, आणि तिला कळलं. मान खाली होती तरी कळलं. हात ओळखीचा होता. मेंदीची बोटं शेल्यावरून क्षणभर सुटली आणि धाकट्या बहिणीच्या मनगटावर आली. मनप्रीतनं दात घट्ट आवळले होते. रडायचं नाही म्हणजे नाही. दोन्ही हातांनी तिनं बहिणीला पुढे दिलं, भाराची पाटी उतरवून द्यावी तसं नव्हे, दिवा हातातून हातात द्यावा तसं.

मी श्वास रोखला. कॅमेऱ्याचा आवाज कीर्तनात बुडून गेला. काढला तेव्हाच मला माहीत होतं. फोटो काढणाऱ्याला कळतं. अंगावर काटा येतो तो थंडीचा नसतो.

घरी येऊन मी ते फोटो कॉम्प्युटरवर लावले तेव्हा सायली पुस्तक बाजूला ठेवून मागे येऊन उभी राहिली. एक एक फोटो बघत गेली. मनप्रीतच्या फोटोपाशी म्हणाली, "आई, हे तू काढलंस?" मराठीत. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पोर लाजली असती.

दुसऱ्या दिवशी पाजी आले. त्यांनी सगळे फोटो पाहिले, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. मनप्रीतच्या फोटोवर दोनदा परत आले. मला वाटलं, काही चुकलं. मग उठता उठता म्हणाले, "भाभीजी, अगली शादी से बाहर का भी आप ही देखो. मैं कुर्सी पे बैठ के खाना खाऊँगा." ही माझी पदवी. ती भिंतीवर टांगता येत नाही, पण ती मिळाल्यापासून मी जरा ताठ चालते, असं हे म्हणतात. चालते. का चालू नये?

मग काही दिवसांनी धुकं उठलं. एका सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आली आणि उत्तरेकडे कसौलीचे डोंगर असे धुऊन पुसून ठेवल्यासारखे दिसले की गल्लीतली माणसं गच्चीवर जाऊन बघू लागली. इथं वसंतात पानगळ होते. फाल्गुनाच्या तोंडावर रस्त्याकडेची मोठमोठी झाडं पानं टाकतात आणि सावरी मात्र लालभडक फुलांनी पेटतात. त्या सकाळी पहिली पिवळी पानं आमच्या जिन्यात येऊन पडली होती. मी ती झाडत होते, एवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. जड, घुमणारा आवाज. ह्यांच्या त्या मालवाहू विमानांपैकीच एक. मी झाडू तसाच धरून वर बघत राहिले.

दुपारी सुभेदारसाहेबांचा फोन. "बेटी, गुरतेज आ गया."

पण हरलीन नव्हती. ती नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, बंगळुरूला गेली होती. गुरतेजची सुट्टी लेहला विमानाची वाट बघण्यातच संपत आली होती. तिकडे जाऊन यायला दिवस नव्हते. "फोन पे कुछ देखा है उसने," सुभेदारसाहेब म्हणाले, "पर कुछ दिखता नहीं. तुम्हारे वाले अगर..." पुढचं त्यांना मागवेना. मी म्हटलं, "अंकलजी, अभी ले आओ."

ती तिघं आली: सुभेदारसाहेब, मनप्रीत आणि गुरतेज. उन्हा-बर्फानं रापलेला, नाकाची कातडी सोलवटलेली, पंचविशीतला पोरगा. दारात बूट काढताना वाकला तो बराच वेळ वाकूनच राहिला. मी पोहे केले होते. शेंगदाणे घालून, लिंबू पिळून. आमच्या घरी फोटो बघायला आलेला माणूस उपाशी जात नाही. सायलीनं खुर्च्या मांडल्या. मी त्याला कॉम्प्युटरच्या समोर बसवलं आणि शेजारी वेताचा बुटका मोडा घेऊन मी बसले.

आणि मी त्याला त्याच्या बहिणीचं लग्न दाखवलं.

नुसते फोटो नाही, लग्न. हे बघ, सकाळी धुकं इतकं होतं की वरात आधी ऐकू आली. हे तुझे मोठे मामा, मिलनीत नवऱ्याच्या मामांना उचलायला गेले आणि त्यांनीच ह्यांना उचललं. ही हरलीन, चुडा भरताना. इथं ती म्हणाली, गुरतेज असता तर मला चिडवत बसला असता. तो हसला. "सच में बोली?" मी म्हटलं, बोलली. मी तिथंच होते. हे तुझे पापाजी, नवऱ्याचा शेला तिच्या हातात देताना. बघ, हात कापतोय का? नाही. जरासुद्धा नाही. सुभेदारसाहेब मागे उभे होते; त्यांनी घसा साफ केला.

मग तो फोटो आला.

गुरतेज पुढे वाकला. मनप्रीतचे आवळलेले दात, मनगटावरची मेंदीची बोटं, खिडकीतला दुधाळ उजेड. पोह्यांची बशी त्यानं हळूच खाली ठेवली. खालच्या दुकानात कुणीतरी कापड फाडलं, त्याचा आवाज वर आला. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मनप्रीत, ती तिखट मनप्रीत, भिंतीकडे बघत म्हणाली, "वीरे, तेरी जगह थी. मैंने पूछा नहीं. गुस्सा है?"

तो उठला. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहू दिला. "शेरनी," म्हणाला. एवढंच.

नंतर परत खुर्चीत बसून तो उरलेले फेरे, जेवणाची पंगत, घराच्या उंबऱ्यात उभं राहून मागे न बघता डोक्यावरून तांदूळ उधळणारी हरलीन, निघालेली गाडी आणि तिच्यामागे मिटत गेलेलं धुकं, सगळं बघत गेला. शेवटचा फोटो संपला. पडदा काळा झाला.

इतकी वर्षं झाली. त्यानंतर मी मोठमोठी लग्नं केली, लोकांनी माझे फोटो भिंतभर करून लावले, आता माझ्या हाताखाली मुली शिकतात. कुणी विचारलं की मी काय काम करते, तर मला ती दुपार आठवते आणि वाटतं, सांगावं: जो येऊ शकला नाही, त्याच्यासाठी मी तिथं उभी राहते. पाऊस असो, गारा असोत, हाताला हात दिसू नये असं धुकं असो. मी उभी राहते.

त्या दुपारी, पडदा काळा झाल्यावर, गुरतेजनं बाहीनं तोंड पुसलं. माझ्याकडे वळला. सैनिकासारखा नाही, धाकट्या दिरासारखा म्हणाला,

"भाभीजी, एक बार और. शुरू से."

मी मोडा पुढे ओढला आणि पहिला फोटो लावला.